शिंत्रे सरांनी सोडलेली गाडी

बॉनेट उघडलं आणि आबा गप्प झाले. 

माझे वडील, म्हणजे शिंत्रे सर, उघड्या बॉनेटसमोर गप्प राहणारे गृहस्थ नव्हते. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी उभी हयात पोरांना इंजिन शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, भजनाला जातात. आबांनी आमच्या मोटार क्लबची स्क्रुटिनी अंगावर घेतली. शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासायची, ती ज्या वर्गात उतरलीय त्या वर्गाच्या नियमांत बसते का ते बघायचं आणि बसत नसेल तर परत पाठवायची, असं ते काम. आबांना त्यातलं परत पाठवणं विशेष जमायचं. क्लबच्या अध्यक्षांची बॅटरी सुतळीनं बांधलेली निघाली, अध्यक्ष परत. माझ्या सख्ख्या मामानं हवा जास्त यावी म्हणून एअर फिल्टरचं झाकण काढून ठेवलं होतं, मामा परत. तो त्या वर्षी दिवाळीलाही आला नाही, पण फराळ मागवून घेतला.

हे घराबाहेरही चालायचं. मला एक स्थळ आलं होतं, सांगलीचं, बरं होतं. पाहुणे दारात गाडीतून उतरले, तेव्हा आबांना दिसलं की मुलाच्या काकांच्या गाडीचा मागचा लाल दिवा फुटलाय. चहा व्हायला अजून वेळ आहे, तेवढ्यात कोपऱ्यावरून नवा बसवून या, असं आबांनी त्यांना अगदी प्रेमानं सांगितलं. काका गेले. त्यांच्या पाठोपाठ एकेक करून सगळेच गेले. आम्ही कांदेपोहे दोन दिवस खाल्ले.

तर असे आबा त्या रविवारी सकाळी कागल रस्त्यावरच्या माळावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून आणि दंडाला पिवळा पट्टा लावून, यशोधन नलवडेच्या गाडीसमोर उभे होते. आणि गप्प होते.

यशोधनची गाडी लाल, दोन दारांची, जपानी बनावटीची. मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून त्यानं ती जुनी घेतली होती. इतकी बुटकी, की तिच्यातून उतरणारा माणूस जमिनीतून उगवल्यासारखा दिसायचा. यशोधनची घरची फौंड्री होती, तो दिवसभर तिथं घाम गाळायचा आणि संध्याकाळी त्या गाडीला आंघोळ घालायचा. स्वभावानं मोकळा, हसरा, थोडा आळशी. गेलं वर्षभर आमचं जमलं होतं. ही गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. शर्यत झाली, त्यानं कप घेतला, आबा जरा खुशीत दिसले की मग सांगायचं, असं ठरलं होतं.

आता त्या बॉनेटखाली काय होतं ते सांगते. गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतात, त्यांचे माथे बॉनेटखाली डाव्या-उजव्या अंगाला दिसतात. गाडी जोरात वळली की तिचं अंग किंचित पिळतं आणि हे दोन माथे आपापल्या मर्जीनं हलायला लागतात. ते हलू नयेत म्हणून दोघांना जोडणारा एक आडवा दांडा नटांनी आवळून बसवतात. त्याला स्ट्रट ब्रेस म्हणतात, आमच्याकडं नुसतं ‘बार’. बसवला की गाडी वळणावर अशी आज्ञाधारक होते की शेजारणीला हेवा वाटावा. यशोधननं तो उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून करून घेतला होता. करताना मी तिथंच स्टुलावर बसून भजी खात होते. झकास झाला होता. मी तेव्हाच त्याला सांगितलं की बार ठेवायचा तर वर्ग बदलावा लागेल.

कारण आमच्या वर्गाचा नियम सोपा होता. गाडी कंपनीतून जशी आली तशी पाहिजे. टायर बदला, ब्रेकचे लायनर बदला, देवाचा फोटो लावा, पण बाकी हात लावायचा नाही. बार लावला की गाडी थेट वरच्या वर्गात. आणि वरच्या वर्गात जयसिंगपूर-इचलकरंजीकडून अशी मंडळी यायची, की ज्यांनी गाडीतल्या सीटांपासून काचांपर्यंत सगळं काढून फेकलेलं असायचं आणि ज्यांच्या सायलेन्सरच्या आवाजानं माळावरच्या म्हशी दूध देणं सोडायच्या. तिथं यशोधनचा निभाव लागणार नव्हता. त्यामुळं रविवारच्या आधी बार काढायचा, हे मी त्याला सांगितलं. शनिवारी संध्याकाळी परत सांगितलं. काढतो की, म्हणाला.

काढला नव्हता. मॅट काळा रंग मारलेला तो दांडा इंजिनावर आडवा झोपला होता, आणि आबा त्याच्याकडं बघत होते.

मी रांगेत मागं होते. मीही त्याच वर्गात उतरत होते, आबांकडून वारशानं आलेली पांढरी सेडान घेऊन. इंजिन तेवढंच, म्हणून वर्ग तोच. मला गाडी आबांनीच शिकवली होती, सगळे नियम पाळून; त्यामुळं मी कायम मधे कुठंतरी यायचे. तेवढ्यात आबांनी मान वर केली. यशोधनकडं नाही पाहिलं, रांगेत मी कुठं आहे ते पाहिलं. मग नेहमीच्या सवयीनं रंगाची कुपी काढून आत नटांवर ठिपके दिले, बॉनेट हलक्या हातानं खाली सोडलं, काचेवर ‘पास’चा स्टिकर चिकटवला आणि म्हणाले, "पुढची घ्या."

यशोधननं मला लांबून अंगठा वर करून दाखवला.

माझी गाडी आली तेव्हा आबांनी नेहमीसारखी सगळी तपासली, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी गाडी लावून परत तिथं येऊन उभी राहिले. माझ्यामागून एका पोराची गाडी आली, तिची बॅटरी हातानं हलवली तर पाळण्यासारखी डुलत होती. एरवी आबांनी त्याला बॅटरी उपटून आडवी पडली तर काय होतं, यावर दहा मिनिटांचं व्याख्यान देऊन घरी धाडलं असतं. त्या दिवशी ते म्हणाले, "जरा आवळून घे बाबा." आणि स्टिकर लावला. मग एका गाडीचा हॉर्न वाजेना, तिला स्टिकर. एकाच्या टायरवर नक्षी औषधाला नव्हती, त्यालाही स्टिकर. लाल गाडीनंतर आबांनी एकही गाडी परत पाठवली नाही. लोक खूश होते. सर मऊ झाले वयानं, असं कुणीतरी म्हणालं. मला मात्र ते बघवेना. आबांचा आवाजच गेला होता. वर्गात शिरलेल्या नव्या मास्तरासारखे बोलत होते.

तपासणी संपल्यावर ते पाण्याच्या पिंपाजवळ तोंड धूत होते, तिथं मी त्यांना गाठलं.

"आबा, नलवडेच्या गाडीत बार होता."

"कुठला बार?" त्यांनी टॉवेलात तोंड खुपसलं.

आबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलत होते, आणि सवय नसल्यामुळं फारच वाईट बोलत होते. मी तिथंच उभी राहिले. शेवटी टॉवेल कधीतरी खाली घ्यावाच लागतो.

"तुम्हाला माहीत आहे आमचं?" मी विचारलं.

"सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. मी एकटाच काय रंकाळ्यात बुडी मारून बसलोय?" ते म्हणाले. मग बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिले. "सांगलीचं स्थळ माझ्यामुळं गेलं. लाल दिव्यापायी. तू कधी बोलली नाहीस, पण गेलं. आता हे पण घालवू म्हणतेस?"

 लाउडस्पीकरवर माझ्या वर्गाचा पुकारा झाला आणि मी हेल्मेट उचललं.

आमच्या शर्यतीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नसत. माळावर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखलेली असायची; एकेकानं त्यातून जायचं, घड्याळ लावलेलं असायचं, कमी वेळ तो पहिला. यशोधनची लाल गाडी शंकूंमधून अशी गेली, की तिला कुणी दोरीनं ओढतंय. धूळ उडाली, पोरं नाचली. मी माझ्या पद्धतीनं, एकही शंकू न पाडता, मामलेदाराच्या जीपसारखी जाऊन आले. फलकावर निकाल लागला: यशोधन पहिला, मी चौथी.

तो मित्रांच्या घोळक्यात होता, गळ्यात कुणीतरी झेंडूचा हार घातलेला. मला बघून बाजूला आला.

"बघितलंस? सरांनी बार बघून पास केली. म्हणजे मी पसंत आहे."

मी त्याला म्हटलं, डॉक्टरांकडं जा आणि स्वतः सांग, गाडी वरच्या वर्गात धरा म्हणून. डॉक्टर म्हणजे डॉक्टर उपाध्ये, आमचे स्पर्धाप्रमुख, दातांचे डॉक्टर. यशोधनचा चेहरा उतरला. तो कपासाठी कुरकुरत नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं. तो म्हणाला, बार लपवला नव्हता, विचारलं असतं तर तिथंच सांगितलो असतो. पण आता सांगायचं म्हणजे सरांनी डोळेझाक केली असं सांगायचं. सगळ्यांसमोर त्यांची अब्रू काढायची. ते त्याला जमणार नव्हतं.

"मग मी तक्रार करतो," मी म्हटलं. कोल्हापूरच्या बायका ‘करतो’च म्हणतात.

"कुणाविरुद्ध?"

"गाडी तुझी आहे ना?"

त्याला वाटलं मी गंमत करतेय.

नियम असा होता की निकालावर तक्रार फक्त त्याच वर्गातल्या स्पर्धकाला करता येते, लेखी, आणि निकाल लागल्यावर लगेच. मी डॉक्टरांच्या तंबूत गेले, कागद मागितला, टेबलाच्या कडेवर वाकून चार ओळी खरडल्या. डॉक्टरांनी त्या वाचल्या, चष्मा काढला, पुसला, परत वाचल्या. मग कवळीचं माप घेताना बोलतात त्या मऊ आवाजात म्हणाले की मृणाल, घरी काही बिनसलंय का? मी म्हटलं नाही. तक्रार आली की गाडी सगळ्यांसमोर परत तपासावी लागते, ती स्क्रुटिनिअरनंच तपासायची असते, हे तुला माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत आहे. त्याचसाठी करतेय, हे मात्र बोलले नाही.

बातमी माळावर वाऱ्यासारखी पसरली. लाल गाडीभोवती कडं झालं. भेळवाला गाडा घेऊन जवळ सरकला. कुणीतरी म्हणालं, प्रेमात बिघाड आहे. दुसरा म्हणाला, छे, हिला कप पाहिजे, तो गेला की ही तिसरी येते. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरंच की, तिसऱ्याला कप होता.

आबा आले. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटलं, झालं, आता आपण या माणसाच्या घरात राहायच्या लायकीचे उरलो नाही.

डॉक्टरांनी बॉनेट उघडायला सांगितलं. यशोधननं उघडलं. बार चमकत नव्हता, तरी सगळ्यांना तोच दिसत होता.

"सर," डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, "हा सकाळी तपासणीत होता का?"

आबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी यशोधन बोलला.

"नव्हता. तपासणीच्या वेळी मी काढून ठेवला होता. नंतर बसवला. सरांचा काही संबंध नाही."

 असं करणं म्हणजे नुसता वर्ग चुकणं नव्हे, ती सरळ फसवणूक. तिला क्लबमध्ये एकच शिक्षा होती: गाडी आणि माणूस, दोघंही कायमचे बाद. यशोधनला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि गळ्यात अजून तो झेंडूचा हार होता. इतका बावळट आणि इतका देखणा तो मला पुढं कधीच दिसला नाही.

आबा वाकले. खिशातून टॉर्च काढून भर दुपारी त्यांनी त्या नटांवर उजेड मारला, एकेका नटावरून बोट फिरवलं. मग सरळ झाले, आणि सकाळपासून हरवलेला आवाज त्यांच्या घशात परत आला. मागच्या बाकावरच्या पोराला उठवायचा तो आवाज.

"डॉक्टर, हा मुलगा खोटं बोलतोय. इकडं या. मी तपासलेल्या नटांवर पिवळ्या रंगाचा ठिपका देतो, माहीत आहे तुम्हाला. नंतर कुणी पाना लावला की रंग तडकतो. हा बघा ठिपका, अर्धा नटावर, अर्धा दांड्यावर. कुठं तडकलाय?"

डॉक्टर वाकून बघू लागले, अक्कलदाढ शोधावी तसे.

"तडकलेला नाही," आबा म्हणाले. "म्हणजे दांडा सकाळी होता. मी पाहिला. रंगसुद्धा दिला, हाताला सवय. आणि सोडला. नजरचूक नाही. जाणूनबुजून सोडला."

का, असं कुणी विचारलं नाही. सगळ्या कोल्हापूरला माहीतच होतं.

डॉक्टर काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. आबांनी दंडावरचा पिवळा पट्टा चाचपला आणि म्हणाले की हा तुमच्या हाती देणारच आहे, पण अजून नाही. या गाडीनंतर मी ज्या ज्या गाड्या सोडल्यात त्या रांगेत लावा. आधी काम पुरं करतो.

मग जे झालं त्याची आठवण काढून क्लबात लोक अजून पोट धरून हसतात. शर्यत संपलेली, निम्मी मंडळी बिर्याणीचे डबे उघडून बसलेली, आणि शिंत्रे सर एकेका गाडीखाली शिरतायत. डुलणाऱ्या बॅटरीवाल्याला व्याख्यान मिळालं, तेही व्याजासकट. बिनहॉर्नचा बाद झाला. गुळगुळीत टायरवाला आमच्याच वर्गात दुसरा आला होता, तोही बाद. लोक चिडले, ओरडले, एकानं सरांना भिंग लावून बघा म्हणून सुनावलं. आबांनी खरंच भिंग काढलं. डॉक्टर फलकावर खोडून खोडून थकले. माझं नाव चौथ्यावरून दुसऱ्या नंबराला जाऊन बसलं. मला एक कप मिळाला, कमळाच्या आकाराचा, अत्यंत कुरूप, आणि टाळ्या फक्त भेळवाल्यानं वाजवल्या.

यशोधनला कायमचं बाद केलं नाही. त्याची वेळ वरच्या वर्गात धरली, तिथं तो तळाशी जाऊन पोचला. आबांनी पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि गाडीकडं निघून गेले.

बक्षिसं आटोपल्यावर यशोधन माझ्याजवळ आला. हार काढला होता. आता हा काय बोलेल ते बोलू दे, असं ठरवून मी उभी होते. त्यानं माझ्या हातातल्या त्या कमळाकडं पाहिलं.

"एक सांग," तो म्हणाला. "तू तक्रार माझ्यावर केलीस की सरांवर?"

"आबांवर."

"मला सोडल्याबद्दल?"

"नाही. त्यानंतर आबांना कुणालाच रागवता येईना, म्हणून."

त्यानं मान हलवली. "मी पण बघितलं ते. त्या बॅटरीच्या वेळी." आणि गाडीची किल्ली काढत, "मग ठीक आहे." एवढंच म्हणाला आणि लाल गाडीत जमिनीसपाट होऊन निघून गेला.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. क्लबनं आबांच्या जागी दुसरा माणूस नेमला. त्यानं पहिल्याच शर्यतीत ‘पास’ची अशी काही खिरापत वाटली की वर्षाच्या आत अध्यक्ष स्वतः, गाडीतल्या बॅटरीला सुतळीऐवजी नवा पट्टा आवळून, आबांना परत न्यायला आमच्या घरी आले. आबांनी आढेवेढे घेतले आणि गेले. यशोधननं बार काढला नाही. तो वरच्या वर्गातच उतरत राहिला आणि बरीच वर्षं खालून पहिला-दुसरा येत राहिला. आमचं लग्न त्या शर्यतीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात झालं. मामा आला, डॉक्टर आले, सांगलीच्या काकांनाही आबांनी पत्रिका पाठवली होती. ते आले नाहीत.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. घरी परतताना गाडी मी चालवत होते आणि आबा शेजारी बसले होते. एरवी मी चालवत असले की ते पायाखाली नसलेला ब्रेक दाबत बसायचे. त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून उसाच्या ट्रॉल्या बघत होते.  मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं, कारण मला माफी मागायची नव्हतीच.

"त्या मुलाला खोटं बोलता येत नाही," आबा एकदम म्हणाले.

"नाही."

"एका वाक्यात सापडला."

"तुम्हीपण सापडलात, आबा. टॉवेलात."

 पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला, मी थांबले, तो गेला.

"त्याला जेवायला बोलाव," ते म्हणाले. "आणि तक्रार चांगली लिहिली होतीस, डॉक्टरांनी दाखवली. मुद्देसूद होती. फक्त ‘प्रतिस्पर्धी’तल्या ‘धी’ची वेलांटी चुकली. दुसरी पाहिजे."